सांभाळायची वस्तू काउंटरवर

घाटावरच्या एका गावात सोपान नावाचा एक भोळा सांब होता. अंगात आळस नाही, मनात कपट नाही. सांगाल ते करायचा. घोळ व्हायचा तो तिथेच.

यथावकाश त्याचं लग्न झालं. बायको गिरिजा, अबोल पण नजरेने तिखट. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिची एकच हौस होती: सूर्य पाण्यात बुडताना बघायचा, तोही नवऱ्याशेजारी बसून. सोपानने किनाऱ्यावरच्या एका जुन्या गावातलं स्वस्तातलं लॉज ठरवलं. निघताना सासूबाईंनी बजावलं, "जावईबापू, पोरीला सांभाळा हं!"

सोपानने ते मनात पक्कं बसवलं.

लॉजवर पोचल्या पोचल्या गिरिजा बॅगा उघडायला बसली. तेवढ्यात सोपान समुद्रात डुंबून आला आणि ओल्या वाळूसकट गादीवर बसला. लॉजचे मालक बाबीकाका कडाडले, "पाव्हणे, गादी आहे की किनारा? बाहेरून आणलेलं आधी नळावर धुवायचं, मग आत!"

"बरोबर," सोपान म्हणाला.

मग गिरिजाने त्याला बाजारातून खाजा, म्हणजे गुळात घोळवलेल्या बेसनाच्या काड्या, आणायला पाठवलं. त्याने आणला. पुडीत नुसत्या ओल्या, पांढुरक्या काड्या.

"अहो, गूळ कुठे गेला?"

"तो गूळ होता होय? मला वाटलं मळ. नळाखाली घासघासून धुतला, तेव्हा कुठे काड्या दिसल्या."

नवी नवरी म्हणून तिने कपाळावर हात मारला नाही. "खायची वस्तू धुवायची नसते हो. कागदात बांधून उंच टांगायची. मुंग्या लागतात."

"बरोबर."

दुपारी बाबीकाकांनी तळलेले बांगडे खोलीवर आणून दिले. गिरिजा न्हाणीत होती. लाइट गेलेली. खोलीत उंच काय, तर पंखा! सोपानने एकेक बांगडा कागदात गुंडाळला आणि पंख्याच्या पात्यांना टांगला.

गिरिजा न्हाऊन बाहेर आली. पाठोपाठ लाइटही आली.

एक बांगडा आरशावर बसला. एक खिडकीतून समुद्राच्या दिशेने परत गेला. आवाज ऐकून बाबीकाका धावत आले आणि तिसरा त्यांच्या टकलावर विसावला.

"देवा म्हाराजा! पाव्हणे, तुमच्या हाती काही ठेवू नये! जे सांभाळायचं असेल ते खाली काउंटरवर द्या. मी बिल्ला देईन. बिल्ला दाखवाल तेव्हाच वस्तू परत!"

"बरोबर."

गिरिजाला आता या शब्दाची धडकी भरायला लागली होती.

उन्हं कलली. गिरिजाने लग्नातली साडी नेसली, गजरा माळला. दोघं जिना उतरली. काउंटरपाशी सोपान थबकला. त्याला सासूबाई आठवल्या.

"तू इथे बस," त्याने तिला बाकावर बसवलं. बाबीकाका टीव्हीवरच्या मॅचमध्ये गुंग. "काका, एक वस्तू सांभाळायची आहे."

काकांनी न बघताच बिल्ला सरकवला. सोपान तो खिशात घालून गेला.

शहाळी आणायला गेले असतील, असं म्हणत गिरिजा बसून राहिली. दारातलं ऊन तांबूस झालं.

"काका, हे कुठे गेले?"

"समुद्रावर. वस्तू ठेवून गेले ना..." काकांनी काउंटरवर बघितलं, काउंटरखाली बघितलं. "वैनी, वस्तू कुठे आहे?"

गिरिजाला उलगडलं. "काका, वस्तू मीच."

काका हसता हसता खुर्चीवरून घसरले. "मग बसलीस काय गो बाय? धाव, सूर्य बुडतो!"

चपला हातात घेऊन गिरिजा धावली. सूर्य नुकता पाण्याला टेकला होता. सोपान वाळूत एकटाच बसला होता. ती धापा टाकत त्याच्या शेजारी टेकली.

सोपान झटकन बाजूला सरकला. "बाई, जरा लांब बसा. माझं नवीन लग्न झालंय."

"अहो, मी गिरिजा!"

त्याने तिला निरखून बघितलं. तिला हसू आवरेना. समोर सूर्य अर्धा बुडाला होता, आणि नवरा हातभर अंतरावर का होईना, शेजारीच होता.

"दिसता तिच्यासारख्याच," सोपान म्हणाला. "गजरासुद्धा तोच. पण मला फसवू नका." त्याने खिशातून बिल्ला काढून तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हा माझ्याकडे असताना काका तिला सोडतीलच कसे?"