दारातली बोर

गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की तेव्हा नगरात नळ नव्हते. सासवा मात्र होत्या.

त्या नगरातल्या एका आळीची रीत होती. लग्न होऊन आलेल्या नवरीनं माहेरून एक रोप आणायचं आणि सासरच्या दारात लावायचं. कुणी कदंब आणला, कुणी बहावा, कुणी कांचन. अख्ख्या आळीत एकासारखं दुसरं झाड नव्हतं.

माळरानावरून आलेल्या एका सुनेनं मात्र बोर आणली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, दारात काटे? तुझ्या माहेरी दुसरं काही उगवत नाही का?"

"उगवतं ना," सून हळूच म्हणाली. "बाभूळ."

आळी खो खो हसली. सासूबाई हसल्या नाहीत. दोन पावसाळ्यांत बोर डोक्याएवढी उंच झाली आणि आल्यागेल्याचे पदर ओढू लागली. "दसरा झाला की तोडायची," सासूबाईंनी सांगून टाकलं. रोज सकाळी बोरीपाशी उभी राहून सून नुसती बघत असे.

त्याच सुमारास राजानं दवंडी पिटवली. "मी न सांगता येईन. त्या दिवशी ज्या आळीतल्या झाडावर फूल दिसेल, तिथे तळ्याचं पाणी पाटानं आणून देईन."

इतर आळ्यांत नुसत्या बहाव्याच्या रांगा. वैशाखात सोनं, एरवी शेंगा. या आळीत मात्र सतत काही ना काही फुललेलं असे. एक भादवा तेवढा रिकामा. नदीवरून घागरी वाहून बायकांच्या माना मोडल्या होत्या; त्या देवाला हात जोडू लागल्या, भादवा सोडून कधीही येऊ दे.

राजा भादव्यातच आला. राजेच ते!

"काकू, कदंबाला झेंडू बांधू या का?" शेजारीण कुजबुजली.

"बांध. वर अत्तरही शिंपड," सासूबाई करवादल्या.

राजा मान वर करून प्रत्येक झाड बघत गेला. सगळीकडे पानंच पानं. तो परत फिरला, आणि त्याचा शेला बोरीत अडकला.

"कोणाचं हे झाड?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सून पुढे झाली. "माझं, महाराज. हलू नका, शेला फाटेल. अडकलाच आहात, तर जरा वाकून बघा."

राजा वाकला. पानांच्या बेचक्यांत हिरवट-पिवळी, तिळाएवढी फुलं फांदीभर लगडली होती.

"याला फुलं म्हणायचं?"

"मधमाश्यांना विचारा, महाराज."

फांदीवर माश्यांची जत्रा भरली होती. राजा शेला विसरून हसत सुटला. "पाट इथेच येणार!" त्यानं जाहीर केलं, आणि आळीनं सुनेला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

दसरा येऊन गेला. कोयता कोनाड्यातून हलला नाही. पाट दारात पोचला त्या दिवशी सासूबाईंनी पहिली कळशी भरली आणि बोरीच्या बुंध्याशी ओतली.

"काय काकू, काट्यांना पाणी?" शेजारणीनं चिडवलं.

"आमच्या सुनेच्या माहेरचं झाड आहे ते," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "पदर सांभाळून जा!"

यातून घ्यायचं ते एवढंच : दारात आलेल्याला जवळून, वाकून पाहिल्याशिवाय कमी लेखू नये.