दुसरा झोपाळा

गुहागरच्या शैलाताई मयेकरांच्या होमस्टेमध्ये लबाडी करून ती पचवणारा पाहुणा अजून जन्माला यायचाय. बिल्डर तावरेसाहेबांनी बुकिंग केलं सहा जणांचं, बाकीचं गणगोत गुपचूप खोल्यांत भरलं आणि ओटीवरचा झोपाळा मोडून ठेवला.

निघताना साहेब गरजले, “आम्ही सहाच! तुमचा झोपाळाच तकलादू. डिपॉझिट परत करा.”

“करते की,” ताई म्हणाल्या. “मागच्या पडवीत याचाच जोडीदार आहे. सहाही जण बसा. नुसता कुरकुरला, तरी दुप्पट देते.”

सहा जण बसले. झोपाळा गप्पच. साहेब इरेला पेटले आणि खोल्यांकडे तोंड करून ओरडले, “अरे, उरलेले पण या रे सगळे!”

आतून झुंडच आली.

“आता बसू नका,” ताई शांतपणे म्हणाल्या. “पहिला कसा मोडला, ते दिसलं.”