शालन काय म्हणत होती

“आणि हॉर्न किती वेळा मारला म्हणतो ट्रकवाला?”

“चार वेळा, चाचा. सगळ्या वाडीनं ऐकला.”

“तिनं सोडून.”

“तेच ना. बहिरीच ती. तिला कुठनं ऐकू येणार?”

चाचांनी, म्हणजे दस्तगीर मिस्त्रींनी, खाली बघितलं. समोर शालनची इलेक्ट्रिक सायकल आडवी पडली होती. पुढचं चाक निखळलेलं, वायर तुटलेली.

रणधीर उभाच होता. ह्याच पत्र्याच्या शेडमध्ये तो सात वर्षं चाचांच्या हाताखाली राबला होता. मग एसटी स्टँडजवळ स्वतःचं दुकान थाटलं, इलेक्ट्रिक सायकलींचं. वर पाटी झळकवली, ‘आवाज ऐकवा, बिघाड सांगतो.’ आणि सांगायचाही पठ्ठ्या. डोळे मिटून सांगायचा. तालुक्यात त्याच्या कानाचं नाव झालं होतं, आणि ते त्याच्या डोक्यात गेलं होतं.

आज त्याचं तोंड उतरलेलं होतं.

“तात्यांनी सायकल माझ्या दारात आणून टाकली,” तो म्हणाला. “शालनच्या बापानं. भांडले नाहीत, शिवी दिली नाही. म्हणाले, पोरगी तीनदा तुझ्याकडं आली होती. काय म्हणत होती, तेवढं सांग. बाकी काही नको.”

“मग सांग की.”

“काय सांगू? आज तिचा दहावा. सगळे जमलेत. सगळे म्हणतात, बहिरेपणानं घात केला. मी आणखी काय सांगू?”

“माझ्याकडं कशाला आलास?”

“तुम्ही एकदा मोटर बघा. ठीक होती म्हणा. तुमचा शब्द तात्या मानतील.”

चाचा गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. चाक उचललं नाही. पान्यालाही हात लावला नाही.

चाचांची रीत होती ती. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्याकडून आवाज काढून घ्यायचा. “कसा येतो? तोंडानं काढून दाखवा.” मग बँकेचा साहेब असो नाहीतर दूधवाला, भर रस्त्यात घर्रर्र नि खटखट करून दाखवायचा. येणारेजाणारे हसायचे. चाचा कधी हसले नाहीत. मान खाली घालून ऐकायचे आणि मगच पाना उचलायचे.

“तिला विचारलंस का?” चाचा म्हणाले.

“विचारलं.”

“काय विचारलंस?”

रणधीरनं मान फिरवली.

“तोंडानं काढून दाखव म्हणालो.”

“शालनला?”

“चेष्टेनं, चाचा. बहिरी बाई सांगते मोटरला आवाज येतोय, तर माणूस हसणार नाही का?”

...

“तिला कळलं, तू काय म्हणालास ते?”

“ओठ वाचायची ती.”

“मग?”

“मग... तिनं काढला.”

“कसा?”

रणधीरला सगळं आठवत होतं. न आठवून कुठं जाणार? दुकानात चारपाच जण चहा पीत बसले होते. शालननं एकदा त्यांच्याकडं बघितलं, मान ताठ केली आणि घशातून आवाज काढला. दोन तुटके, मग एक जड, फाटलेला. एकाच्या नाकातोंडातून चहा उडाला इतका तो हसला. शालन लालबुंद झाली. तरी गेली नाही. तिनं रणधीरचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा सायकलच्या पुढच्या चिमट्यावर, चाक धरणाऱ्या दांड्यावर, दाबून ठेवला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. त्यानं हात हिसकावून घेतला.

“बघितली होती मी तपासून,” तो घाईघाईनं म्हणाला. “तिन्ही वेळा. स्टँडवर उचलून धरली, रेस दिली, कान लावला. आवाज नुसता मध होता मध. जरासुद्धा खरखर नाही.”

“स्टँडवर.”

“हो.”

“म्हणजे चाक हवेत.”

“...हो.”

“ती हवेत चालवायची का सायकल?”



चाचांनी आता पाना घेतला. चाक उचलून चिमट्यात बसवलं. मोटर त्या चाकातच होती. मधला आस दोन्ही खाचांत टेकला. नट आवळायच्या आधी त्यांनी बोटानं खाच दाखवली. सरळ असायला हवी ती खाच आतून लांबट झाली होती आणि झिजून चकाकत होती. एका दिवसाची झीज नव्हती ती. ट्रकला एवढा वेळ कुठला?

रणधीरला तेव्हाच कळलं. सात वर्षं उगाच नव्हती घालवली त्यानं. पण कळणं निराळं आणि कबूल होणं निराळं, म्हणून तो म्हणाला, “पडल्यावर घासली असेल.”

चाचांनी नट आवळले. तुटलेली वायर जोडली, पुढचं चाक अधांतरी राहील अशी सायकल स्टँडवर लावली. फळीवरून गाडी पुसायचा कापूस घेतला, दोन बोळे केले आणि उठून रणधीरच्या कानांत घातले. अंगठ्यानं आत दाबले. रस्त्याचा आवाज गेला, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा गेला. रणधीरचा श्वास तेवढा त्याच्या डोक्यात घुमायला लागला.

चाचांनी त्याचं मनगट धरलं. तळवा चिमट्यावर ठेवला.

ह्या वेळी त्यानं हात ओढला नाही.

चाचांनी रेस दिली. चाक हवेत फिरलं. काही नाही, गुळगुळीत. रणधीरच्या जिवात जीव आला, खोटं कशाला बोला. एवढंच तात्यांना दाखवता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मग चाचांनी जाड चपलेची टाच टायरवर दाबली. चढ लागावा तशी मोटर दबली. त्यांनी पुन्हा रेस दिली.

तळव्याला ठोका लागला. लगेच दुसरा.

रेस सोडली. तिसरा लागला, जड, पार कोपरापर्यंत गेला.

चाचांनी टाच काढली नाही. रेस दिली, सोडली. दोन, मग एक. जो आस जागचा हलायला नको तो त्या झिजलेल्या खाचेत उलटत होता, परतत होता. दोन, मग एक. चढाला असा हजारदा उलटला असेल, आणि एक दिवस चाकासकट खाचेतून बाहेर आला असेल. समोरून ट्रक उतरत होता. त्याचा हॉर्न ऐकून तरी रस्त्यात पडलेल्या माणसानं करायचं काय?

रणधीरचे ओठ हलले. घशातून काहीतरी निघालं. दोन तुटके, मग एक जड, फाटलेला. तो कसा निघाला हे त्याला ऐकू आलं नाही. दारातून जाणारी एक बाई थबकली आणि हसली, एवढं त्याला दिसलं.

तो पुन्हा काढायला लागला. मग पुन्हा. थांबताच येईना त्याला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चिमट्यावर तसाच होता.

चाचांनी रेस सोडली. चाक थांबलं.



मग चाचांनी नट सोडवले, चाक काढून बाजूला ठेवलं. चिमटाही सायकलीपासून सोडवला. फडक्यानं पुसला, पण खाचा पुसल्या नाहीत. रणधीरच्या हातात दिला आणि वाडीच्या रस्त्याकडं बोट केलं.

रणधीरनं चिमटा छातीशी धरला. दोन पावलं गेला. मोकळा हात कानाकडं नेला.

चाचांनी तो हात धरून खाली केला.

“जायचंय ना तात्यांकडं?” रणधीर म्हणाला. स्वतःचा आवाज केवढा लागला हे त्याला कळलं नाही. “त्यांच्याशी बोलायचंय, चाचा. हा कापूस तर काढू द्या.”

चाचा त्याच्या समोर येऊन उभे राहिले. त्याला ओठ दिसतील असे, आणि हळू बोलले.

“ती काय म्हणत होती ते असंच सांग. कापूस तात्यांना काढू दे.”