शत्रूला औषध नाही

सोनगडात औषध न्यायला राजा रणधवलाची ना नव्हती, फक्त एक अट होती. "माझ्या एकाही शत्रूला औषध द्यायचं नाही. दिलंस, तर परत जाताना डोकं इथेच ठेवून जायचं."

आता गडाला वेढा घातला होता राजानेच. आत होते ते सगळे त्याचे शत्रूच!

हाडं बसवणाऱ्या गोजराबाईने मान डोलावली. मान डोलावण्यात तिचा हात कोणी धरला नसता. चौकीवरच्या शिपायांनी घोड्यांसाठी मलमाचा बुधला मागितला, तेव्हाही तिने डोलावलीच होती. घोड्यांनाही जखमा होतातच की, अशी स्वतःची समजूत घातली होती. असंच चाललं तर गडावर पोचेपर्यंत औषधं लादलेल्या बैलाच्या पाठीवर फक्त आपली अक्कल उरेल, आणि त्या ओझ्याने बैल काही थकायचा नाही, असं तिच्या मनात आलं.

गडावर तिने प्रत्येक रोग्याला आधी विचारलं, तू रणधवल राजाचा शत्रू आहेस का? तापाने फणफणलेल्यांना राजाचं नावही आठवेना. हात भाजलेली एक बाई म्हणाली, राजाचं नंतर बघू, आधी ही आग थांबव. गोजराबाई लेप लावत पुढे सरकली.

अडला तो किल्लेदार हैबतराव. खांदा निखळलेला, पण ताठा जागच्या जागी. मरेन, पण वैर सोडणार नाही, म्हणाला. सोडून द्यावा तर त्याचा हात कायमचा जाणार, औषध द्यावं तर आपलं डोकं. अशा वेळी शूर माणसं छाती पुढे काढतात, हे गोजराबाईने ऐकलं होतं. तिने मात्र आधी दार कुठे आहे ते बघून घेतलं.

मग ती म्हणाली, औषध नको तर नको, नुसता खांदा बघू तर द्या. तिने दंड धरला, हिसका दिला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"आई गं! मी कुणाचाच शत्रू नाही!"

तिने झटपट लेप लावला. हा व्यवहार सरळ नव्हता, हे तिला कळत होतं. खांदा मात्र सरळ झाला.

बातमी राजाकडे तिच्याआधी पोचली. "हैबतराव माझा हाडवैरी," राजा गरजला. "त्याला औषध दिलंस?"

गोजराबाईने हात जोडले. "महाराज, मी प्रत्येकाला विचारूनच औषध दिलं. दुखण्यात कुणालाच वैर आठवेना. आणि खांदा बसवताना किल्लेदारांना साऱ्या जगात एकच शत्रू होता, तो म्हणजे मी. गोजराबाईच्या शत्रूला औषध देऊ नको, असं आपण म्हणाला नव्हता."

राजा आधी मिशीत हसला, आणि मग असा खदखदून हसला की तंबूबाहेरचे शिपाईही हसू लागले. त्याने अट मागे घेतली, औषधांनी लादलेले पाच बैल तिच्या हवाली केले, आणि वाटेत कोणी बुधल्याला हात लावला तर त्याचा खांदा हीच बाई बसवेल, अशी दवंडी पिटवली.