गंज घासणारा राजा

एका राज्यात, जिथे डोंगरांना सावल्या नव्हत्या आणि पाखरांना माणसांची भाषा येत असे, धवलसेन नावाचा राजा होता. त्याला जुन्या तलवारींचा नाद होता, त्यातही पूर्वसमुद्रातल्या जपान बेटांवरच्या, किंचित बाकदार, एकधारी तलवारींचा. अशा एकशे सात तलवारी त्याने जमवल्या होत्या.

एकशे आठवी आली ती पाचशे वर्षांची होती. राजाने मूठ काढून पाहिली. मुठीच्या आत पात्याचं जे शेपूट लपलेलं असतं, ते काळ्या गंजाने माखलं होतं. त्या गंजात घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. राजाने चिंच आणि विटेची भुकटी मागवली.

दरबारी शिकलगार धाकोजी तलवारी उजळण्याचं काम करी. तो म्हणाला, "महाराज, पातं उजळावं. शेपटाला हात लावू नये. तलवारीचं वय त्या गंजात आहे."

"आमच्या महालात गंज नको," राजा म्हणाला, आणि मध्ये बोलल्याबद्दल त्याने धाकोजीला तुरुंगात धाडलं. मग स्वतः बसून शेपूट लख्ख घासलं. गंजाबरोबर नावही गेलं. मूठ परत बसवून त्याने तलवार उचलली, तशी त्याची बोटं तिच्यावर मिटली आणि उघडेनात. दरबाराला त्याने सांगितलं, तलवार नावावाचूनच आली होती.

राजमुद्रेची अंगठी त्याच हातात, मिटलेल्या बोटांच्या आत होती. मुद्रेवाचून आज्ञा चालत नसे. जमिनी वाटल्या गेल्या नाहीत, कैदी सुटले नाहीत. सात वर्षं राजा डाव्या हाताने जेवला आणि तलवारीसकट झोपला.

धाकोजीची बायको कोंडाई, तीही शिकलगारीण, दर महिन्याला दरबारात येई.

"त्याला सोडायचं आमच्या मनात आहे," राजा म्हणे. "पण मुद्रा कुठून आणू?"

"बरं," कोंडाई म्हणे आणि घरी जाई.

चौऱ्याऐंशीव्या खेपेला तलवारीच्या पाठीवर एक साळुंकी बसलेली होती. ती तलवारीच्या जपान बेटांवरून उडत आली होती. प्रवासाला सात वर्षं लागली होती, म्हणून तिचा आवाज बसला होता.

"बाई, तीन कामं आहेत," साळुंकी म्हणाली. "ती झाली तर हात उघडेल. एक, हिची बहीण शोध. दोन, हिचं पातं उजळ. तीन, ही कुणाची ते हिच्या म्यानावर लिहून घे."

कोंडाईने एकशे सात तलवारी एकेक करून उजेडात धरल्या. धारेलगत धुक्यासारखी पांढरी रेघ असते, ती घडवणाऱ्यांच्या प्रत्येक घराण्याची वेगळी. सव्वीस दिवस ती रेघा पाहत राहिली. त्र्याण्णवाव्या तलवारीवर तिला तेच धुकं दिसलं. त्या तलवारीच्या शेपटावरचा गंज शाबूत होता, नावही होतं.

दुसरं काम लांबलं. पातं राजाच्या हातात, त्यामुळे पाण्याच्या कुंडाशी राजालाही बसावं लागलं. सात दगड, खरखरीत ते मऊ. शेवटचा दगड नखाएवढा, अंगठ्याखाली धरून फिरवायचा. आठ महिने लागले.

"अजून किती?" राजा रोज विचारी.

"हलू नका."

"आमची पाठ गेली."

"माझीही गेलीय, महाराज. मी बोलत नाही एवढंच."

साळुंकी म्हणाली, "याचं तोंड घासायला आठवा दगड नाही का?"

राजा रागावला नाही. रागवायला अंगात बळ उरलं नव्हतं.

पातं उजळलं. साध्या लाकडाचं म्यान तयार झालं. राजाने डाव्या हातात कुंचला घेतला. "बहिणीवर ज्या उस्तादाचं नाव आहे, तेच लिहितो."

त्याने पहिलं अक्षर लिहिलं आणि उजवी बोटं आणखी आवळली. तो कण्हला.

"उस्तादाची असेल, नाहीतर त्याच्या शिष्याची," कोंडाई म्हणाली. "रेघेवरून एवढंच कळतं. नाव सांगणारं होतं ते गेलं."

"मीठ लावून गंज आणता येतो, असं ऐकलंय. त्यात नाव कोरू."

"येतो, आठ दिवसांत. पण तो आठ दिवसांचाच असतो."

राजाने कुंचला खाली ठेवला. "धाकोजीने सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो."

त्याने लिहिलेलं अक्षर खरवडून काढलं आणि वाकड्यातिकड्या डाव्या अक्षरांत लिहिलं: 'या तलवारीवर घडवणाऱ्याचं नाव होतं. मी, धवलसेनाने, ते घासून टाकलं. आता ही कुणाची, हे कोणालाही सांगता येणार नाही.' मग पूर्ण दरबारासमोर त्याने ते मोठ्याने वाचलं.

बोटं एकेक करून उघडली. नखं तळव्यात रुतली होती. मुद्रा हिरवी पडली होती, पण उमटली. पहिली आज्ञा धाकोजीच्या सुटकेची निघाली, मग जमिनींच्या, मग बाकी कैद्यांच्या. साळुंकी परतीच्या सात वर्षांना निघून गेली.

धाकोजी आला तो पिकल्या केसांनी, भिंतीला धरत. त्याने आधी कोंडाईकडे पाहिलं, मग तलवार उजेडात धरली.

"सहाव्या दगडावर घाई केलीस."

"राजा कंटाळला होता."

"आणि तू?"

"मीही," कोंडाई म्हणाली. "चला आता."

त्याने तलवार म्यानात सरकवली आणि तिच्या खांद्यावर हात टाकला. दोघं सावकाश घराकडे चालू लागली. त्या दिवसापासून त्या राज्यात आज्ञा वेळेवर निघतात, आणि महालात गंजाला कोणी हात लावत नाही.