बोलक्या विहिरीने सांगितलेला उतार

विहिरींनाही वाचा होती अशा काळी, नदीकाठच्या एका गावात द्वारकाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका राहत असत. जत्रेच्या सकाळी गावाच्या गाड्या काठावर अडवल्या, त्या त्यांनीच.

गावातल्या बोलक्या विहिरीत वाकून काहीही विचारावे, आतून तत्काळ उत्तर येई. विहिरीला स्वतःचे असे काहीच ठाऊक नव्हते. लोक तिच्यात जे बोलत, ते ती साठवून ठेवी आणि जे सर्वाधिक वेळा बोलले गेले असेल, तेच ठाम आवाजात परत करी. कोणत्या दुखण्यावर कोणता पाला, मेथी कधी पेरावी, इतकेच काय, आज कोणती भाजी करावी, हेही लोक तिलाच विचारू लागले. मिळालेले उत्तर घरी सांगत, घरचे खात्रीसाठी विहिरीवर जाऊन तेच पुन्हा बोलत, आणि विहिरीचा आवाज अधिकच ठाम होई.

नदीपलीकडे देवीची जत्रा भरे. पुरात तळाची वाळू हलते, म्हणून पाणी ओसरल्यावर बांबूने तळ चाचपून नवा उतार, म्हणजे गाड्या पार होतील अशी उथळ जागा, शोधण्याची गावाची जुनी रीत होती. विहीर बोलू लागली आणि ती रीत सुटली. बरीच वर्षे वाळू फारशी हलली नाही, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. यंदा मात्र पूर मोठा आला होता. तरी विहीर दर वर्षीचेच म्हणाली, "काठच्या उंबराखालून उतरा."

पहिल्या गाडीत गावातली मुले बसली होती. द्वारकाबाई हातात बांबू घेऊन बैलांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. गाडी हाकणारे बहिर्जी पाटील त्यांचे जुने विद्यार्थी. वर्गात आयुष्यभर विचारलेला प्रश्नच बाईंनी त्यांना विचारला.

"उतार इथे आहे, हे तू पाहिलेस, की ऐकलेस?"

"बाई, सगळे गाव तेच सांगते आहे."

"सगळ्या गावाने एकाच विहिरीला विचारले आहे. म्हणजे साक्षीदार एकच, आणि त्यानेही नदी पाहिलेली नाही."

मागच्या गाडीतले एक आजोबा म्हणाले, की बाईंना घरी करमत नसावे. लोक हसले. पाटीलही हसले.

"शाळा सुटून किती वर्षे झाली, बाई! अजून आमची परीक्षा घेता?"

"तेव्हा नीट उत्तीर्ण झाला असतास, तर घेतली नसती. हा बांबू घे, चार पावले पुढे जा आणि टेक. तळ लागला, तर भर जत्रेत तुझी क्षमा मागेन."

बाईंचे मन राखावे, म्हणून पाटील पाण्यात उतरले. त्यांनी बांबू टेकला. तो खाली जातच राहिला. मूठ पाण्याला लागली, तरी तळ लागेना. प्रवाहाने बांबू हातातून ओढून नेला. पाटलांनी वळून पाहिले. गाडीच्या कडेला त्यांची मुलगी पाय हलवत बसली होती.

आता खरा उतार कुठे, हे कोणालाच सांगता येईना. दोघे गाडीवान विहिरीकडे धावले आणि खाली मान घालून परतले. उतार कसा शोधावा, असे त्यांनी विचारले होते. विहिरीने उत्तर दिले होते, "विहिरीला विचारावे."

या वेळी कोणी हसले नाही. इतकी वर्षे सारे गाव एकमेकांना तेवढेच तर सांगत आले होते.

"मलाही शोधता येत नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांना येत होते, ते गेले. तेव्हा आज शिकू."

त्यांनी पदर खोचला आणि घोट्याएवढ्या पाण्यात पाऊल टाकले. पाटलांनी त्यांचा हात धरला. मग बांबू तोडून आणले गेले, माणसे रांगेने तळ चाचपू लागली, दोघे-तिघे चिंब भिजलेही. उन्हे कलताना, बऱ्याच खालच्या अंगाला, पाय रोवता येईल असा तळ लागला. मुले जत्रेत उशिरा पोहोचली, परंतु रेवड्या संपलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या कट्ट्यावर गाव जमले. विहीर बुजवा, असे काहींचे म्हणणे पडले. बाईंनी ते मानले नाही. आठवण ठेवणे हे तिचे काम, ते तिने करावे. पारख आपण करावी. ठरले ते असे: विहिरीत बोलणाऱ्याने आधी 'पाहिले' की 'ऐकले', ते सांगावे, आणि दर वर्षी मुलांना बरोबर घेऊन उतार बांबूनेच शोधावा. पहिला होकार पाटलांनी दिला, मग गाडीवानांनी. कुरकुरत का होईना, आजोबांनीही दिला.

बाईंच्या शब्दांत तात्पर्य: उत्तर मिळणे म्हणजे ज्ञान होणे नव्हे, हजारांनी सांगितलेली गोष्ट एकाने तरी पाहिली आहे का, हे तपासल्यावाचून पाण्यात गाडी घालू नये.