एफ-आठचा दसरा

यंत्रं आपसात बोलायची तेव्हाची ही गोष्ट. स्कूटरच्या एका शोरूममधल्या कीबोर्डवर, अगदी वरच्या रांगेत, एफ-आठ नावाचं बटण होतं. ते दाबलं की नवं बिल उघडायचं. पण बिलं करणाऱ्या मंदाकिनीताई सगळं माउसकडूनच करून घ्यायच्या. एफ-आठला बोट लागायचं ते फक्त दसऱ्याच्या पूजेला, कुंकू लावताना.

त्या दसऱ्याला ताईंनी भक्तीच्या भरात माउसला उताणा केला आणि त्याच्या पोटावरच्या लाल डोळ्यातच कुंकू भरलं.

“मेलो! मला काही दिसेना!” माउस कळवळला.

स्क्रीनवरचा बाण जागचा हलेना. बाहेर हार घातलेल्या स्कूटरी उभ्या, गिऱ्हाइकं खोळंबलेली आणि मुहूर्त टळत आलेला.

“आता तूच बघ रे बाबा,” माउस एफ-आठला म्हणाला.

एफ-आठ म्हणालं, “मला जमेल? मला कधी कुणी दाबलंच नाही.”

तेवढ्यात ताईंना ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं आठवलं. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि एफ-आठ दाबलं. चटकन बिल उघडलं! ताईंचा जीव भांड्यात पडला, एफ-आठचाही. मग बिलांमागून बिलं निघाली.

“बरं झालं गड्या,” उताणा पडलेला माउस म्हणाला, “इतक्या वर्षांनी जरा पाठ टेकली.”

संध्याकाळी एफ-आठवर कुंकवाचा कणही उरला नव्हता. सगळं ताईंच्या बोटाला लागलं होतं.